पत्रांतले आकडे गाळू नका

प्रश्न : आमच्या हौशी नाट्यमंडळासाठी मी एकांकिका लिहिते आहे. विषय आहे लेडी मेरी पिअरपाँट आणि एडवर्ड वर्टली माँटेग्यू यांनी 1712 मध्ये इंग्लंडात पळून जाऊन केलेले लग्न. त्यांची पत्रे वाचताना माझा विरस झाला. एका ओळीत मन, तर पुढच्याच ओळीत मालमत्ता! दिग्दर्शक म्हणतात, पैशाचा भाग गाळून टाक, प्रेक्षकांना प्रेमकथा हवी असते. माझा भाऊ म्हणतो, एडवर्ड कवडीचुंबक होता, त्याला सरळ खलनायक कर. मला दोन्ही पटत नाही. हे प्रेम होते की सौदा? (जाता जाता : माझाही साखरपुडा ठरतो आहे. तिकडची मंडळी भली आहेत, ‘आमचे काही मागणे नाही’ म्हणतात. नव्या घराच्या कर्जाचे हप्ते आम्ही दोघे भरणार आहोत, पण घर फक्त त्याच्या नावावर घ्यायचे चालले आहे. हे विचारायची मला लाज वाटते.)
– एक वाचक, नाशिक

सप्रेम नमस्कार.

दिग्दर्शकांना माझा नमस्कार सांगा आणि आकडे गाळू नका. एडवर्डला खलनायकही करू नका. तो पैशाला चिकट होता हे खरे, पण या लग्नाच्या बोलण्यांत त्याने जो हट्ट धरला तो चिकटपणातून आलेला नव्हता, आणि हे निसटले तर तुमच्या एकांकिकेचा कणाच मोडेल. प्रेम की सौदा, हा प्रश्न आपण आजच्या काळात बसून विचारतो. त्या काळच्या इंग्लंडातल्या सरदार घराण्यांत सौदा होणार हे सगळ्यांनी, अगदी प्रेमात पडलेल्यांनीही, गृहीत धरलेले असे. तो कोणी करायचा, आणि जिच्या उभ्या आयुष्याचा तो सौदा आहे तिला त्या बैठकीत तोंड उघडता येणार की नाही, एवढेच काय ते अनिश्चित असे.

हे नीट कळण्यासाठी एक पिढी मागे जावे लागते आणि गंमत अशी की त्यासाठी एडवर्डच्या घराबाहेर पडण्याचीही गरज नाही. अर्ल ऑफ सँडविच यांची मुलगी जेमायमा ही एडवर्डची आत्या. 1665 च्या जूनमध्ये, लंडनमध्ये प्लेगने माणसे मरत असताना, सॅम्युअल पेपिस या नौदलाच्या कारभाऱ्याने तिचे स्थळ सर जॉर्ज कार्टरेट यांचा मुलगा फिलिप याच्याशी जुळवण्याची मध्यस्थी केली. पेपिस सँडविचांचा नातलग आणि आश्रित, शिवाय रोज रात्री रोजनिशी लिहिणारा, त्यामुळे ही सोयरीक आपल्याला जवळजवळ तासातासाने पाहायला मिळते. रोजनिशीत आधी येतात ते आकडे : मुलीकडून 5,000 पौंड आणि त्याच्या बदल्यात मुलाकडून वर्षाला 800 पौंडांची तरतूद. मुलगा-मुलगी समोरासमोर येतात ते त्यानंतर तीन आठवड्यांनी. फिलिप इतका बुजरा की मुलीचा हात कसा धरावा हेसुद्धा पेपिसने त्याला शिकवले. मग पेपिसने जेमायमाला एकांतात गाठून विचारले, की हा मुलगा तुला पसंत आहे ना? ती लाजली, तिने हाताने तोंड झाकून घेतले आणि बऱ्याच आग्रहानंतर एवढेच म्हणाली, की आईवडिलांनी जे केले आहे ते मानायला ती खुशीने तयार आहे. पेपिसची याहून जास्त अपेक्षाही नव्हती. 31 जुलैला लग्न लागले. मुलाचे आईवडील आणि खुद्द मध्यस्थ नदीच्या ओहोटीत अडकून उशिरा पोचले, तोवर आपल्या भाषेत सांगायचे तर अक्षता पडून गेल्या होत्या.

त्या दोन आकड्यांचा अर्थ तुमच्या प्रेक्षकाला पहिल्या पाच मिनिटांत कळला पाहिजे. इंग्लंडच्या कायद्याप्रमाणे लग्न झाले की बायकोची रोकड, दागिने, सामानसुमान हे सारे नवऱ्याचे होई आणि तिच्या जमिनीचे उत्पन्नही त्याच्याच हाती जाई. मुलीच्या बापाने द्यायच्या रकमेला पोर्शन म्हणत. हा पैसा वराच्या घरात, पुष्कळदा वराच्या बापाच्याच तिजोरीत जाई आणि तिथून जुनी कर्जे किंवा वराच्या बहिणींचे पोर्शन फेडले जात, म्हणजे एका मुलीच्या लग्नात आलेला पैसा दुसरीच्या लग्नात बाहेर पडे. त्याच्या बदल्यात वराकडच्यांनी लिहून द्यायचे ते जॉइंचर : नवरा आधी वारला तर विधवेला तहहयात, ठरावीक जमिनींच्या उत्पन्नातून, दरवर्षी अमुक इतके पौंड. जेमायमाच्या करारात हे प्रमाण साधारण सव्वासहास एक होते. अठरावे शतक उजाडेपर्यंत ते दहास एकाच्या आसपास गेले, म्हणजे तेवढ्याच तरतुदीसाठी मुलीच्या बापाला कितीतरी जास्त मोजावे लागू लागले. तिसरी रक्कम पिन मनी, लग्न चालू असताना बायकोच्या स्वतःच्या खर्चासाठी. ती नवऱ्याच्या मर्जीवर राहू नये म्हणून कराराने बांधून आणि पुष्कळदा विश्वस्तांच्या मार्फत द्यायची पद्धत होती, कारण विवाहित स्त्रीच्या स्वतंत्र पैशाला साधा कायदा ओळखत नव्हता, न्यायबुद्धीने निवाडा करणारे चॅन्सरीचे न्यायालय मात्र ओळखत होते.

इथे भाषेचा एक सल्ला देतो, तुम्ही विचारला नसला तरी. पोर्शनला हुंडा म्हणू नका. हुंडा हा शब्द कानावर पडताच आपला प्रेक्षक 1961 च्या कायद्यापाशी आणि वर्तमानपत्रातल्या बातम्यांपाशी पोचतो, आणि मग मुलीचा बाप मोबदल्यात वैधव्याची लेखी तरतूद मागतो आहे हे त्याच्या ध्यानातच येत नाही. आंदण म्हणूनही चालणार नाही, कारण आंदण मुलीबरोबर जाते आणि पोर्शन मुलीला वळसा घालून सासऱ्याकडे जाई. मी असतो तर पोर्शन आणि जॉइंचर हे शब्द तसेच ठेवून एखाद्या कंटाळलेल्या वकिलाच्या तोंडून ते उलगडले असते. पिन मनीला मात्र आपल्याकडे नेमका शब्द आहे, चोळीबांगडी. आपल्याकडेही राजघराण्यांतल्या स्त्रियांना चोळीबांगडीसाठी गावे नेमून दिली जात, तेव्हा हा शब्द त्या वातावरणात परका वाटणार नाही.

आता मेरी. तिचा जन्म 1689 चा. वडील एव्हलिन पिअरपाँट, डॉर्चेस्टरचे मार्क्विस. आई लहानपणीच गेलेली. वडिलांच्या ग्रंथालयात बसून तिने स्वतःच लॅटिन शिकून घेतली होती. एडवर्ड तिच्याहून अकरा वर्षांनी मोठा, पार्लमेंटचा सभासद, ॲडिसन आणि स्टील या लेखकांच्या बैठकीतला. त्याच्या आडनावातच एक लग्नाचा करार दडलेला आहे : वडील मूळचे माँटेग्यू, त्यांनी यॉर्कशायरच्या वर्टली घराण्याची वारस मुलगी केली, तिच्याबरोबर मालमत्ता आली आणि मालमत्तेबरोबर आडनाव आले. मेरीशी त्याचा पत्रव्यवहार सुरू झाला तो बहिणीच्या, ॲनच्या, आडून. पत्रे ॲनच्या नावाची असत आणि मजकूर भाऊ सुचवी. ॲन अकाली वारली आणि मग दोघांना एकमेकांना थेट लिहावे लागले. ही आडून लिहिलेली पत्रे रंगमंचावर फार छान दिसतील, पण हा माझा प्रांत नाही.

एडवर्डने रीतसर मागणी घातली आणि बोलणी फिसकटली ती मुख्यतः एका कलमावर. सतराव्या शतकाच्या मध्यास, यादवी युद्धाच्या धामधुमीत घराण्यांच्या जमिनी जप्त होऊ लागल्या तेव्हा ओर्लँडो ब्रिजमन यांच्यासारख्या कायदेपंडितांनी करारनाम्याची एक नवी घडण बसवली होती. तिच्यात वर हा मालमत्तेचा पुरा धनी राहत नसे, तो केवळ हयातभर उपभोग घेणारा ठरे, आणि मालमत्ता लग्नाच्या दिवशीच त्याच्या अजून जन्मालाही न आलेल्या थोरल्या मुलाच्या नावे बांधली जाई. त्यामुळे उधळ्या बापाला जमीन विकून खाता येत नसे, धाकट्या भावंडांचे वाटे आधीच ठरून जात आणि मुलीच्या बापाला आपले नातवंड उघड्यावर पडणार नाही याची हमी मिळे. डॉर्चेस्टर यांनी हीच हमी मागितली. एडवर्डने नकार दिला. त्याचे म्हणणे असे, की जो अजून जन्मलाही नाही, जो शहाणा निघेल की मूर्ख, सज्जन की दुर्जन हे कोणालाच ठाऊक नाही, त्याला मी सर्वस्व आजच का लिहून द्यावे? आणि सारे मिळणारच आहे हे ज्याला पाळण्यातच कळले तो मुलगा बापाला कशाला जुमानील? मुलीच्या बापाला हे ऐकून संताप आला असणार, पण हा युक्तिवाद कंजुषाचा नव्हे. पौंड वाचवायचे असते तर एडवर्ड पोर्शन वाढवून मागत बसला असता.

एवढ्यावर गप्प बसेल तो एडवर्ड कसला! त्याने आपले मुद्दे टिपून स्टीलला दिले आणि 1710 मध्ये ‘टॅटलर’ या लोकप्रिय नियतकालिकात लग्नाच्या करारांवर कोरडे ओढणारा मजकूर छापून आला. स्वतःचे लग्न मोडत असताना त्यावर नियतकालिकातून लेख लिहवून घेणारा नवरदेव मला तरी दुसरा माहीत नाही. त्या लेखाने भावी सासऱ्याचे मन वळेल अशी आशा त्याला होती की काय, कोण जाणे.

आणि मेरी? तिच्या हाती पोर्शनही नव्हता आणि सहीही नव्हती. तिने एडवर्डला लिहिले, की आपल्यासारख्या मुली गुलामांसारख्या विकल्या जातात आणि आपला धनी आपली काय किंमत ठरवील हे आपल्याला सांगता येत नाही. तुमच्या दिग्दर्शकांना गाळायच्या असलेल्या ओळी नेमक्या अशाच आहेत. त्या गाळल्या तर मागे उरेल ते गोड गुलुगुलु बोलणे, आणि खरे सांगायचे तर या दोघांना ते कधी जमलेच नाही. एडवर्ड संशयी होता, तिचे आपल्यावर खरोखर मन आहे की नाही हे तो पुनःपुन्हा पारखत राही, आणि मेरी प्रत्येक वेळी वैतागून हा शेवटचा खुलासा म्हणून लिही. त्यांच्यातली जवळीक दिसते ती बापाच्या अटींवर दोघे डोके लावून बसतात तेव्हा. तिथे ती त्याच्याशी बरोबरीने वाद घालते. त्या काळातल्या एका कुमारिकेने आपल्या मागणीदाराशी मालमत्तेच्या कलमांवर वाद घालणे ही जेमायमाच्या झाकलेल्या तोंडापासून फार लांबची मजल आहे.

1712 मध्ये वडिलांनी दुसरे स्थळ पक्के केले : क्लॉटवर्दी स्केफिंग्टन, आयर्लंडातल्या व्हायकाउंट मॅसरीन यांचा वारस. वर्षाला 500 पौंड पिन मनी आणि नवरा वारल्यास 1,200 पौंड जॉइंचर. त्या काळी घरातल्या मोलकरणीला खाऊनपिऊन वर्षाला चार-पाच पौंड मिळत, यावरून त्या चोळीबांगडीचा अंदाज करा. म्हणजे ज्या माणसाचे मेरीला तोंडही पाहायचे नव्हते तो कागदावर एडवर्डपेक्षा कितीतरी सुरक्षित होता. तिने वडिलांना सांगून पाहिले, की मी जन्मभर अविवाहित राहीन पण हे लग्न नको. उत्तर धमकीचे आले. लग्नाचे कपडेसुद्धा शिवून तयार झाले होते.

ऑगस्टमध्ये पळून जाण्याचा बेत ठरला तेव्हाची तिची पत्रे मी तुमच्या जागी असतो तर शब्दशः रंगमंचावर आणली असती. मी तुझ्याकडे येईन ती अंगावरच्या घरगुती कपड्यांनिशी, माझ्याबरोबर तुला दुसरे काही मिळणार नाही, असे ती त्याला बजावते. काहीच न आणणाऱ्या बाईने काही अपेक्षा धरणे विचित्रच, हेही कबूल करते. आणि तरीही विचारते, की ज्या राहणीत आपण वाढलो तिच्या जवळपास तरी जगता येईल अशी काही सोय तू करणार आहेस का, कारण ज्या आप्तांना दुखावून निघालो त्यांच्या दारी आश्रित म्हणून परत जाण्यापेक्षा मरण बरे. प्रियकराबरोबर पळून जाण्याच्या आदल्या दिवसांतला हा मजकूर आहे! तुमचा विरस जिथे झाला ती जागा बहुधा हीच. मला मात्र तिच्या सगळ्या पत्रांत ही ओळ सर्वांत धीट वाटते, कारण विश्वास टाकण्याआधी ती त्याचे वजन मोकळेपणाने विचारते आहे. वडिलांनी तिला विल्टशायरकडे रवाना केले, आणि त्या वाटेवरूनच ती एडवर्डबरोबर गेली. त्यांचे लग्न सॉल्झबरीला लागले. पोर्शन नाही, आणि वडिलांच्या वकिलांनी तपासलेले एकही कलम नाही.

पुढचे थोडक्यात सांगतो. पहिली काही वर्षे एडवर्ड राजकारणासाठी लंडनला आणि मेरी तान्ह्या मुलासह खेड्यात, पत्राची वाट पाहत. मग तो तुर्की दरबारात राजदूत म्हणून गेला, तीही गेली, आणि देवीची टोचणी तिने तिथे पाहिली ती इंग्लंडात आणली. त्यासाठी जग तिला ओळखते. 1739 मध्ये ती एकटीच युरोपात निघून गेली आणि नवऱ्याशी तिची पुन्हा भेट झाली नाही. दोघांतला पत्रव्यवहार शेवटपर्यंत चालू राहिला, सभ्य आणि कोरडा.

तुमच्या भावाला मात्र ही गोष्ट जरूर सांगा. ज्या न जन्मलेल्या मुलावरून 1710 मध्ये लग्न मोडले होते तो 1713 मध्ये जन्माला आला. त्याचेही नाव एडवर्ड. शाळेतून पळून जाणे, कर्जे, घरच्यांना लाज आणणारे लग्न, असे सगळे त्याने केले. 1761 मध्ये थोरला एडवर्ड वारला तेव्हा तो इंग्लंडातल्या अतिश्रीमंतांपैकी एक होता आणि ही प्रचंड मालमत्ता त्याने मुलाला वगळून मुलीच्या, लेडी ब्यूट हिच्या, घराकडे वळवली. मुलाला नुसते वर्षासन मिळाले. पुढच्याच वर्षी मेरी वारली, तिने मृत्युपत्रात मुलाला ठेवला फक्त एक गिनी. म्हणजे मुलगा कसा निघेल कोणास ठाऊक, ही एडवर्डची शंका अक्षरशः खरी ठरली, आणि नातू वारशाला मुकेल ही डॉर्चेस्टर यांची भीतीही तितकीच खरी ठरली. दोघेही पुरुष बरोबर होते! खलनायक शोधायला आता जागा कुठे उरली? तुमच्या एकांकिकेचा शेवट त्या मृत्युपत्राच्या वाचनाने करता येईल असे मला वाटते, पण ते तुम्ही ठरवा.

अशा घरांत मनाने केलेली लग्ने नेहमीच कोरडी पडत असेही समजू नका. शाळेत ज्यांचा वायूंचा नियम आपण घोकला त्या रॉबर्ट बॉईल यांची बहीण मेरी हिने वडिलांनी, म्हणजे अर्ल ऑफ कॉर्क यांनी, ठरवलेले स्थळ धुडकावले आणि चार्ल्स रिच या तुटपुंज्या उत्पन्नाच्या धाकट्या मुलावर मन ठेवले. वडील रागावले, अखेर नमले आणि त्यांनी 7,000 पौंड देऊ केले. 1641 मध्ये सोळा वर्षांच्या या मुलीने गुपचूप, साधेपणाने लग्न लावून घेतले. अठरा वर्षांनी थोरल्या भावाच्या पश्चात चार्ल्स अनपेक्षितपणे वॉरिकचा अर्ल झाला. तिने पुढे स्वतःविषयी जे लिहिले त्यात वडिलांचा शब्द मोडल्याचा पश्चात्ताप आहे, पण नवरा निवडल्याचा नाही. आणि पोर्शन तिलाही लागलाच.

आता कंसातले तुमचे वाक्य. एवढे मोठे पत्र एकांकिकेविषयी लिहून खरा प्रश्न तुम्ही ‘जाता जाता’ विचारलात, हे माझ्या लक्षात आले आहे. ‘आमचे काही मागणे नाही’ हे तिकडच्या मंडळींचे बोलणे चांगले आहे आणि ते मनापासून असेल, पण त्याने एवढेच ठरते की तुमच्या माहेरून काही जायचे नाही. पुढची वीस वर्षे तुमच्या पगारातून जे जायचे आहे त्याविषयी ते काहीच सांगत नाही. आपल्या आज्या-पणज्यांच्या वेळी लग्नाच्या याद्या होत, त्यांत मानपानाच्या लुगड्यांपर्यंत सगळे लिहिले जाई. त्या याद्यांतले पुष्कळसे गेले ते बरेच झाले, पण त्यांच्याबरोबर लिहून ठेवण्याची सवयही गेली आणि तिच्या जागी संकोच येऊन बसला.

तुम्ही हप्ते भरणार असाल तर कर्जात सहकर्जदार म्हणून तुमचे नाव येईल की नाही, आणि घराच्या करारनाम्यावर दोघांची नावे असतील की नाही, हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि दोन्ही विचारावे लागतील. कर्जावर नाव आले आणि करारनाम्यावर आले नाही तर देणे दोघांचे आणि घर एकाचे, अशी स्थिती होते. नाव नंतर चढवता येते, पण त्यासाठी बक्षीसपत्र करा, नोंदणीला जा, बँकेची संमती आणा, असा खटाटोप असतो आणि संसाराच्या धबडग्यात तो राहून जातो. काकांना किंवा मामांना मध्ये घालू नका, ते पेपिस होतील. त्यालाच भेटा, दोघेच बसा, आणि हे का विचारते आहे ते सरळ सांगा. तो एकदम गोंधळला तर लगेच मनाला लावून घेऊ नका, कारण त्यालाही घरात हे कोणी शिकवलेले नसणार. तो चिडला आणि चिडलेलाच राहिला, तर मात्र मला पुन्हा लिहा.

करारनाम्याची नोंदणी कधी आहे ते तुम्ही कळवलेले नाही. ती अजून व्हायची असेल तर एकांकिका आठवडाभर बाजूला ठेवा आणि आधी हे विचारून घ्या.